समुद्रात पकडलेला माणूस घरी कधी येतो? भारत-पाकिस्तान सागरी सीमा आणि मच्छीमार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून दर हंगामात बरीच माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यातली काही कराचीच्या तुरुंगात पोहोचतात. अशा घरांचे अर्ज लिहून देण्याचं काम मी काही वर्षं करते आहे. पाड्यावरची आई विचारते ते प्रश्न वेगळे असतात, मुंबई-पुण्याचा वाचक विचारतो ते वेगळे. इथे दोन्ही घेतले आहेत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं आहे.

आमच्या माणसाला नेमकं कोणी पकडलं?

पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने. आपल्याकडे तटरक्षक दल आहे, तसं त्यांच्याकडे हे दल आहे. बोट आणि तिच्यावरची सगळी माणसं ते कराचीला नेतात, पोलिसांच्या ताब्यात देतात, न्यायालयात उभं करतात आणि तिथून रवानगी होते मलीरच्या तुरुंगात. मलीर हा कराचीचाच एक जिल्हा आहे. या तुरुंगाला लांढीचा तुरुंग असंही म्हणतात. बातमीत दोन नावं दिसली तरी जागा एकच, घाबरू नका. अनेक बाया मला विचारतात, "ताई, त्याला दुसरीकडं हलवलं का?" बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं.

बोटीवर जीपीएस असतं, मग चुकून हद्द ओलांडली असं कसं म्हणता?

जीपीएस तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या, केबिनमध्ये असतं. जाळं ओढणाऱ्या खलाशाला ते दिसतही नाही. बोट कुठे न्यायची हे तांडेल ठरवतो आणि कधी किनाऱ्यावर बसलेला मालक फोनवर ठरवतो. डहाणूचा माणूस उचल घेऊन चढलेला असतो. हंगामाच्या शेवटी हिशेब होईपर्यंत त्याला उतरता येत नाही. बोट कुठल्या दिशेला निघाली आहे हे विचारण्याचीही त्याची पत नसते.

आता खरं ते सांगते. काही वेळा इंजिन बंद पडतं, रात्री ओढ जोरात असते, जाळं टाकलेली बोट प्रवाहाबरोबर वाहत जाते आणि पहाट झाल्यावर कळतं की आपण कुठल्या कुठे आलो. पण काही वेळा बोटी जाणूनबुजूनही पुढे जातात. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळचा मासा कमी झाला आहे, आणि सिंधू नदीच्या मुखाशी, खाड्या आणि तिवरांच्या त्या प्रदेशात, अजून चांगला मिळतो. पंधरा-वीस दिवसांच्या फेरीचं डिझेल आणि बर्फ वसूल करायचं असेल, तर तांडेलाला मोह होतो. सीमारेषेला लागून पाच सागरी मैलांचा पट्टा भारतानेच मासेमारीसाठी बंद ठेवला आहे. तरी बोटी त्यात शिरतात.

तरीसुद्धा निर्णय एकाचा आणि तुरुंग आठ जणांना, हे मला आजवर पटलेलं नाही.

समुद्रात सीमारेषा खरंच आखलेली आहे का?

नाही, आणि सगळ्या गुंत्याची सुरुवात इथून होते.

नकाशावर जी रेघ दिसते ती दोन्ही देशांनी सही करून मान्य केलेली नाही. सागरी सीमा ठरवायची तर आधी जमिनीवरची सीमा समुद्राला कुठे मिळते तो बिंदू ठरावा लागतो. भारत-पाकिस्तानची जमिनीवरची सीमा कच्छच्या रणाच्या पश्चिम टोकाला सर क्रीक नावाच्या खाडीत उतरते. ही भरती-ओहोटीची, चिखलाची, सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी. तिचं जुनं नाव बाणगंगा. एका काठाला कच्छ, दुसऱ्या काठाला सिंध.

वाद जुना आहे आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. सिंध आणि कच्छचे राव यांच्यातला हद्दीचा तंटा मिटवण्यासाठी मुंबई सरकारने १९१४ मध्ये एक ठराव केला. त्याच ठरावावर आज दोन्ही देश बोट ठेवतात. पाकिस्तान म्हणतं, ठरावासोबतच्या नकाशातली हिरवी रेघ पूर्वेच्या काठावर आहे, म्हणजे अख्खी खाडी आमची. भारत म्हणतो, जिथून नावा जातात अशा जलमार्गात सीमा प्रवाहाच्या मध्यातून जाते, त्याच ठरावात तसा आधार आहे आणि पुढे खांबही त्याप्रमाणे लावले गेले.

कच्छच्या रणाचा बाकीचा वाद १९६५ च्या चकमकींनंतर लवादाकडे गेला आणि १९६८ मध्ये निकालात निघाला. पाकिस्तानला मागणीच्या सुमारे १० टक्के भाग मिळाला. सर क्रीक मात्र त्या लवादापुढे नव्हती. ती तशीच राहिली.

एवढ्याशा चिखलाच्या खाडीसाठी दोन देश का अडून बसलेत?

खाडी अरुंद आहे, पण तिचं मुख थोडं इकडे-तिकडे सरकलं की तिथून समुद्रात निघणारी रेघही कलते. किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, प्रत्येक देशाचं अनन्य आर्थिक क्षेत्र असतं, म्हणजे तिथली संपत्ती काढायचा हक्क त्याच देशाचा. मुखापाशी काही किलोमीटरचा फरक पडला, तर तिकडे टोकाला हजारो चौरस किलोमीटर समुद्र या देशाचा की त्या देशाचा हा प्रश्न उभा राहतो. त्यात मासे आले आणि समुद्रतळाखालचं तेल-वायू सापडण्याची आशाही आली.

भारताने एक मार्ग सुचवला होता. खाडीचं राहू द्या, आधी खोल समुद्राकडून रेघ आखत किनाऱ्याकडे येऊ आणि जिथपर्यंत एकमत होईल तिथपर्यंत ती पक्की करू. पाकिस्तानचा आग्रह होता की आधी खाडी. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून खाडीचं सर्वेक्षणही केलं. त्या काळात जाणकारांना वाटत होतं की सियाचीनपेक्षा हा प्रश्न कितीतरी सोपा आहे, आधी हाच सुटेल. चर्चेच्या फेऱ्या २०१२ पर्यंत झाल्या आणि मग थांबल्या.

म्हणजे हा सुरक्षेचा प्रश्न आहे की पोटाचा?

दोन्ही. सुरक्षेची बाजू मी कमी लेखत नाही, मुंबईच्या माणसाला ते जमणारही नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा हल्लेखोर कराचीहून निघाले. वाटेत त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेतली. तिच्यावरच्या पाचही जणांना मारण्यात आलं. मुंबईच्या किनाऱ्याजवळ आल्यावर हल्लेखोर रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. त्या हल्ल्याचे पहिले बळी मच्छीमारच होते, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं.

त्यानंतर मासेमारी बोटीकडे पाहण्याची नजर बदलली. नोंदणी, खलाशांची ओळखपत्रं, बंदरात जाता-येताना टोकन, बोटीवर ओळख सांगणारी यंत्रं हे सगळं त्यानंतर कडक झालं. ते योग्यच आहे. पलीकडचं दलही आपल्या बोटीकडे संशयाने पाहतं, त्याचीही कारणं त्यांच्या दृष्टीने असतील. सर क्रीकचा परिसर लष्करीदृष्ट्या नाजूक आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये याच भागात भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं होतं. पण ओळख पटायला, चौकशी व्हायला काही दिवस लागतात, फार तर काही आठवडे. दोन-तीन वर्षांच्या कैदेने कोणाचीही सुरक्षा वाढत नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो?

संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदाविषयक करार दोन्ही देशांनी मान्य केलेला आहे, भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये. त्याचं कलम ७३ सांगतं की दुसऱ्याच्या आर्थिक क्षेत्रात बेकायदा मासेमारी केली म्हणून तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही, दोन देशांनी आपसात तसा वेगळा करार केला असेल तरच ती देता येते. वाजवी जामीन भरला की बोट आणि खलाशी लवकर सोडायचे, असंही त्यात आहे.

अडचण दोन ठिकाणी येते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आतल्या पाण्याला हे कलम लागू होत नाही. आणि सीमाच ठरलेली नसल्याने बोट कुठे पकडली यावरच दोन्हीकडे वेगवेगळे आकडे असतात. शिवाय गुन्हा फक्त मासेमारीचा लावला जात नाही, परवानगीवाचून देशात शिरल्याचाही लावला जातो.

२००८ च्या करारात काय आहे?

हे नीट वाचा, कारण माझ्या मते अख्ख्या विषयाची किल्ली इथे आहे.

२१ मे २००८ रोजी दोन्ही देशांनी कैद्यांबाबत करार केला. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन दिवशी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या द्यायच्या. दोन, अटकेपासून तीन महिन्यांच्या आत कॉन्सुलर अ‍ॅक्सेस द्यायचा, म्हणजे कैद्याच्या देशाच्या उच्चायुक्तालयातल्या अधिकाऱ्याला त्याला भेटू द्यायचं. तीन, शिक्षा पूर्ण झाली आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटली की एका महिन्याच्या आत माणसाला परत पाठवायचं.

एक महिना. दोन्ही सरकारांनी सही करून कबूल केलेला. सर क्रीक सुटायला अजून पन्नास वर्षं लागोत, हा महिना पाळायला खाडीच्या नकाशाची गरज नाही.

मग शिक्षा संपूनही माणसं आत का राहतात?

कारण ‘राष्ट्रीयत्वाची खात्री’ या दोन शब्दांत पुष्कळ दिवस मावतात.

वाट अशी आहे. तुरुंगात भारतीय अधिकारी भेटतो, माणसाकडून नाव-गाव-बापाचं नाव घेतो. ते इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयातून दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाकडे येतं, तिथून गृह मंत्रालय, मग राज्य, मग जिल्हा पोलीस, मग तालुक्याचं ठाणं, मग गाव. गावातून उत्तर निघालं की हाच प्रवास उलटा.

आता ते नाव कसं पोहोचतं बघा. पकडल्यावर पहिली नोंद उर्दूत झालेली असते. माणूस वारली बोलतो, थोडं गुजराती, मोडकं हिंदी. तो गाव विचारल्यावर पाड्याचं नाव सांगतो, कारण त्याचं गाव म्हणजे त्याचा पाडाच. महसुली गाव वेगळं असतं. उर्दूतून इंग्रजीत जाताना पाड्याचं नाव ओळखू येत नाही, तालुका गळतो आणि बोट गुजरातची म्हणून जिल्ह्याच्या जागी जुनागढ नाहीतर पोरबंदर पडतं. मग चौकशीचा कागद जुनागढच्या पोलीस ठाण्यात जातो आणि तिथून खरंखुरं उत्तर येतं की या नावाचा इसम आमच्या हद्दीत राहत नाही.

एकदा एक बाई दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं घेऊन आली. आधारवर नवऱ्याचं नाव लक्ष्मण, रेशनकार्डावर लक्ष्या, यादीत आलेलं नाव तिसरंच. जन्मसाल तिन्ही ठिकाणी वेगळं. आम्ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र केलं, ग्रामपंचायतीचा दाखला जोडला, पोलीस पाटलांची सही घेतली. शेवटी तिने लग्नाचा फोटो काढला. कोपऱ्याला पाणी लागून रंग उतरला होता. म्हणाली, "हा नेऊ नका, दुसरा नाही." मोबाईलवर फोटोचा फोटो घेतला आणि तो अर्जाला लावला. देशाच्या परराष्ट्र व्यवहाराचा एक भाग त्या दुधाच्या पिशवीत होता, असं मला आजही वाटतं.

सध्या किती जण आत आहेत?

१ जुलै २०२५ च्या यादीप्रमाणे पाकिस्तानात १९३ मच्छीमार आणि ५३ इतर नागरी कैदी होते, जे भारतीय आहेत किंवा भारतीय असावेत असं मानलं जातं. भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी मच्छीमार आणि ३८२ नागरी कैदी होते. शिक्षा पूर्ण झालेल्या १५९ जणांना लवकर सोडा, अशी मागणी भारताने त्याच दिवशी केली. २६ जण असे होते की ज्यांना आपला अधिकारी एकदाही भेटू शकला नव्हता.

१५९ हा आकडा मी अर्ज लिहिताना समोर ठेवते. न्यायालयाने दिलेली शिक्षा त्यांनी भोगून संपवली आहे. त्यापुढचा प्रत्येक दिवस कोणत्या कायद्याखाली जातो, याचं उत्तर कोणाकडेच नाही.

संबंध इतके बिघडलेले असताना याद्या तरी देतात का?

देतात. ही गोष्ट लोकांना खरी वाटत नाही.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला. भारताने सिंधू पाणी करार स्थगित केला, अटारीची चौकी बंद केली, दोन्ही उच्चायुक्तालयांतली माणसं ५५ वरून ३० वर आणली गेली. ७ मेला ‘ऑपरेशन सिंदूर’, १० मेला शस्त्रसंधी. आणि तरीही १ जुलैला दिल्लीत आणि इस्लामाबादमध्ये याद्या एकमेकांच्या हाती दिल्या गेल्या. अणुप्रकल्पांच्या याद्या तर १९९२ पासून दर १ जानेवारीला दिल्या जातात, कारगिलनंतरही त्यात खंड पडला नाही.

दार किलकिलं ठेवायचं असतं ते कशासाठी, हे अशा वेळी कळतं. पण उच्चायुक्तालयात माणसं कमी झाली की तुरुंगाच्या फेऱ्याही कमी होतात, हेही खरं. इस्लामाबादचा अधिकारी कराचीला जाणार कधी आणि किती जणांना भेटणार?

मग सुटका होते ती कशामुळे?

बऱ्याचदा राजकीय हवामानामुळे. मे २०१४ मध्ये नरेंद्र मोदींच्या पहिल्या शपथविधीला नवाझ शरीफ येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी पाकिस्तानने दीडशेवर कैदी सोडले. २०२३ मध्ये मे महिन्यात १९८, जूनमध्ये २०० आणि नोव्हेंबरमध्ये ८० मच्छीमार आले. मग २०२४ चं अख्खं वर्ष कोरडं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ आले. २०१४ पासून जुलै २०२५ पर्यंत एकूण २,६६१ मच्छीमार परत आले आहेत.

याला ‘सदिच्छा’ म्हणतात. माझा या शब्दाला विरोध आहे. कराराने जे एका महिन्यात करायचं कबूल केलं, ते दोन वर्षांनी केलं की त्याला सदिच्छा म्हणायचं, यात माणूस नाण्यासारखा होतो. खिशात ठेवायचा, वेळ आली की काढायचा.

दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायमूर्तींची एक समिती २००७ मध्ये नेमली गेली होती. हे न्यायमूर्ती एकमेकांच्या तुरुंगांना भेट देत, आजारी आणि शिक्षा संपलेल्यांची नावं काढत, सरकारांना शिफारशी करत. २०१३ नंतर तिचा दौरा झालेला नाही. ती पुन्हा सुरू करायला फारसा खर्च नाही आणि कोणाचा इंचभर दावाही सोडावा लागत नाही.

कुलभूषण जाधवांचं प्रकरण याच करारातलं का?

नाही, पाकिस्तानने त्यांना हेरगिरीच्या आरोपावरून पकडलं, ते प्रकरण पूर्ण वेगळं आहे. पण संबंध आहे. पाकिस्तानचा युक्तिवाद होता की सुरक्षेच्या प्रकरणात २००८ चा करार भेट नाकारायची मुभा देतो. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ च्या निकालात तो मान्य केला नाही. १९६३ च्या व्हिएन्ना करारातला वकिलातीशी संपर्काचा हक्क द्विपक्षीय कराराने पुसला जात नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हा हक्क मोठ्या प्रकरणातल्या माणसाला आहे, तसाच तो तलासरीच्या खलाशालाही आहे.

पाकिस्तानचे मच्छीमारही आपण पकडतो ना?

पकडतो. कच्छच्या हरामी नाल्यात आणि जखौच्या समुद्रात सिंधच्या किनाऱ्यावरच्या होड्या सापडतात. ठट्टा जिल्ह्यातली, कराचीच्या इब्राहिम हैदरीतली गरीब माणसं. त्यांच्या घरीही याद्यांची अशीच वाट पाहतात. आपल्याकडच्या आणि त्यांच्याकडच्या मच्छीमार संघटना वर्षानुवर्षं एकच मागणी करत आल्या आहेत. चुकून आलेल्याला पकडू नका, तपासा आणि परत हाकला.

समुद्रातल्या समुद्रात परत पाठवणं शक्य तरी आहे का?

आहे, बंगालच्या उपसागरात ते झालं आहे. बांगलादेशाशी आपली सागरी सीमा जुलै २०१४ मध्ये लवादाने ठरवली. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले आणि भारताने तो निकाल स्वीकारला. त्यानंतरही बोटी हद्द ओलांडतात. पण ५ जानेवारी २०२५ ला, ढाक्यात सत्तापालट होऊन संबंध ताणलेले असतानाच, दोन्ही तटरक्षक दलांनी सीमारेषेवर भर समुद्रात ९५ भारतीय आणि ९० बांगलादेशी मच्छीमारांची अदलाबदल केली. ही माणसं काही महिन्यांत घरी गेली.

सीमा ठरली की सगळं मिटतं असंही समजू नका. श्रीलंकेशी आपली रेघ १९७४ आणि १९७६ च्या करारांनी ठरलेली आहे, तरी तामिळनाडूच्या बोटी पकडल्या जातातच.

आपलं आणि पाकिस्तानचं तटरक्षक दल एकमेकांशी बोलतं का?

बोलतं. २००५ मध्ये दोघांत सामंजस्य करार होऊन थेट संपर्काची सोय झाली. २०२४ च्या शेवटी तीन आठवड्यांत घडलेल्या दोन घटना सांगते. १७ नोव्हेंबरला पाकिस्तानी जहाज ‘काल भैरव’ या बोटीवरचे सात मच्छीमार घेऊन निघालं होतं. भारतीय तटरक्षक दलाच्या जहाजाने पाठलाग करून त्यांना परत आणलं. बोट बुडाली. मग ४ डिसेंबरला पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासला निघालेलं ‘अल पिरानपीर’ हे गलबत पाकिस्तानच्या शोध-बचाव हद्दीत बुडालं. तेव्हा मुंबईच्या बचाव समन्वय केंद्राला खबर मिळाली आणि दोन्ही देशांच्या दलांनी मिळून छोट्या होडीत तरंगणाऱ्या बाराही जणांना शोधून वाचवलं. हीच ती दोन दलं आणि हाच तो समुद्र.

सार्क ही दक्षिण आशियातल्या देशांची संघटना यात काही करू शकत नाही का?

नाही. सार्कच्या सनदेतच द्विपक्षीय वादाचे विषय बाजूला ठेवले आहेत, आणि शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर झालेलीच नाही.

बोट परत मिळते का?

क्वचित. पाकिस्तानच्या ताब्यात हजाराहून जास्त भारतीय बोटी आहेत आणि त्यातल्या कित्येक उभ्या उभ्या कुजल्या. मालकाचं नुकसान मोठं आहे. पण मालकाला बोट गेल्याचं दुःख सांगायला संघटना आहे, खलाशाच्या घरच्यांना ती अजून पुरेशी मिळालेली नाही.

आमचा माणूस पकडला गेला, तर आधी काय करायचं?

बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, मालकाचा आणि तांडेलाचा फोन नंबर लगेच लिहून ठेवा. खरं तर हे तो घरून निघतानाच करून ठेवायचं. त्याचं आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो, आणि फोटो, या सगळ्यांच्या प्रती काढा. नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करा, विचारणा होईपर्यंत थांबू नका. पाड्याच्या नावापुढे महसुली गाव, तालुका आणि जिल्हा पालघर, महाराष्ट्र असं स्पष्ट लिहा. अर्ज पोलीस ठाण्यात, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि खासदारांकडे द्या. पोच घ्या. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. गुजरात सरकार तुरुंगातल्या मच्छीमाराच्या कुटुंबाला रोज ३०० रुपये देतं. तुम्ही महाराष्ट्रातले असलात तर कोणती मदत कुठून मिळेल, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात लेखी विचारा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका.

पत्र येतं का?

येतं, उशिरा. हिंदीत असतं, बहुधा दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलेलं. तुरुंगाबद्दल त्यात काही नसतं. घर शाकारलं का, भात लावलं का, पोरगी शाळेत जाते का, मालकाने पैसे दिले का, एवढंच असतं. उत्तर लिहिताना घरचे वाईट बातमी गाळायला सांगतात. मी गाळते.

आणि तुरुंगात कोणी दगावलं तर?

हे घडलं आहे. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. मृतदेह घरी आला तेव्हा मे उजाडला होता. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जलपरी’ बोटीवर झालेल्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातलाच एक खलाशी समुद्रात मारला गेला होता. मृतदेहालाही राष्ट्रीयत्वाची खात्री, परवानगी, विमान, सीमेवरचा ताबा हे सगळे टप्पे असतात. निदान मेलेल्या माणसासाठी आठ दिवसांची मुदत दोन्ही सरकारांनी ठरवावी, एवढी मागणी आम्ही प्रत्येक निवेदनात लिहितो.

सुटका झाल्यावर तो घरी कसा येतो?

कराचीहून लाहोर, बहुतेक वेळा एधी फाउंडेशन या तिथल्या सेवाभावी संस्थेच्या मदतीने. निघताना ते हाती थोडे पैसे आणि भेटवस्तूही देतात. लाहोरहून वाघा, पायी सीमा ओलांडून अटारी, मग अमृतसर. आजवरचा रस्ता हाच राहिला आहे. अमृतसरला वैद्यकीय तपासणी आणि चौकशी होते. गुजरात सरकारचे अधिकारी न्यायला आलेले असतात, रेल्वेने वडोदरा आणि तिथून बसने वेरावळ. पालघरचे लोकही पुष्कळदा या लोंढ्याबरोबर आधी गुजरातला जातात आणि तिथून उलटे डहाणूला येतात. म्हणून सांगते ते लक्षात ठेवा : सुटकेच्या यादीत नाव दिसलं की मत्स्यव्यवसाय कार्यालयाला फोन करा आणि माणसाला कुठे उतरवणार आहेत ते नक्की करून घ्या. मागे एकदा एका घरातली माणसं दोन दिवस डहाणू स्टेशनवर प्रत्येक गाडी बघत बसली होती आणि त्यांचा मुलगा वेरावळला बंदरावर उभा होता, खिशात फोन नव्हता आणि घरचा नंबर तीन वर्षांत विसरला होता. आता मी प्रत्येक पत्राच्या शेवटी घरचा फोन नंबर लिहिते, आकड्यांत आणि अक्षरांतही.